गूगलच एआयचे उत्तर देऊन मोकळे होत असेल, तर कोकणातल्या छोट्या होमस्टेने ऑनलाइन प्रसिद्धीवर पैसे घालावेत का?

तुमचा प्रश्न मला असा समजला: दापोलीजवळ किनाऱ्याला लागून तुमचा पाच खोल्यांचा होमस्टे आहे, वेबसाइटवर येणाऱ्यांची संख्या दोन वर्षांत निम्म्यावर आली आहे, आणि आता एक एजन्सी दरमहा २५,००० रुपये घेऊन एआयच्या उत्तरात तुमचे नाव पहिले आणण्याची हमी देते आहे. हे पैसे द्यावेत का, आणि वेबसाइट ठेवावी की नाही, असे तुम्ही विचारले आहे.

देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. मी मालवण तालुक्यात देवबागला घरच्याच चार खोल्या पर्यटकांना देतो आणि वाडीतल्या आणखी काही घरांच्या ऑनलाइन नोंदी सांभाळतो, त्यामुळे पुढचे लिहिणे हे याच धंद्यातल्या माणसाचे आहे, सल्लागाराचे नव्हे.

वेबसाइटवरची वर्दळ का घटली, ते आधी पाहू. गूगलने एआय ओव्हरव्ह्यू, म्हणजे शोधाच्या निकालांवर एआयने लिहिलेला सारांश, मे २०२४ मध्ये अमेरिकेत सर्वांसाठी आणले, ऑगस्टमध्ये ते भारतात आले आणि २०२५ मध्ये त्याच्या जोडीला एआय मोड, म्हणजे एआयशी गप्पा मारल्यासारखे शोधण्याची सोय, आली. 'दापोलीत पाहण्यासारखी ठिकाणे' असे कोणी शोधले की मुरूड, कर्दे, सुवर्णदुर्ग, आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती अशी यादी आता तिथल्या तिथे तयार मिळते, मग खालच्या दुव्यावर बोट ठेवायचे कोणाला काही कारण उरत नाही. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने मार्च २०२५ मधल्या सुमारे ९०० जणांच्या प्रत्यक्ष वापराची नोंद तपासली, तेव्हा एआयचा सारांश दिसलेल्या शोधांपैकी ८ टक्के वेळाच लोकांनी खालच्या एखाद्या दुव्यावर क्लिक केले होते, सारांश नव्हता तिथे हे प्रमाण १५ टक्के होते, आणि खुद्द सारांशात दिलेल्या दुव्यावर तर जेमतेम १ टक्का वेळा क्लिक झाले होते. आकडे अमेरिकेतले असले तरी तुमची घट त्याच जातीची आहे.

मात्र गेलेली माणसे नेमकी कोण होती, हे पाहिल्याशिवाय घाबरू नका. सर्च कन्सोल (गूगल शोधातून आपल्या कोणत्या पानावर किती लोक आले ते दाखवणारे गूगलचे फुकट साधन) उघडा आणि कोणत्या पानांवरची वर्दळ आटली ते बघा. आमच्या वेबसाइटवर सर्वांत जास्त वाचले जाणारे पान तारकर्लीच्या प्रेक्षणीय स्थळांच्या यादीचे होते, आणि तेच पान सर्वांत आधी ओस पडले. पण ती यादी वाचून फोन केलेला पाहुणा मला आठवत नाही. शाळेच्या प्रकल्पासाठी माहिती शोधणारी मुले आणि नुसते स्वप्नरंजन करणारे लोकच त्यात बहुसंख्य असावेत. खोल्यांच्या चौकशीत त्या प्रमाणात घट झाली नाही. तुमच्याकडेही असेच असेल, तर तुमचा तोटा तक्त्यात दिसतो तेवढा गल्ल्यात नाही.

यातून मी धडा घेतला तो असा की जे कोणालाही लिहिता येते ते लिहिणे आपण बंद करावे, आणि जे केवळ किनाऱ्यावर राहणाऱ्यालाच ठाऊक असते ते लिहावे व ताजे ठेवावे. आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेचे उदाहरण घ्या. ही जत्रा ठरावीक तिथीवर येत नाही. देवीचा कौल घेऊन दरवर्षी तारीख ठरते. त्यामुळे एआयला विचारले की ते अनेकदा जुन्या बातम्यांतून गेल्या वर्षीची तारीख उचलते, नाहीतर 'साधारण फेब्रुवारीत' असे मोघम सांगते. मुंबईहून सुट्टी टाकून येणाऱ्या माणसाला मोघम उत्तर काय कामाचे? तारीख जाहीर झाली त्याच दिवशी मी आमच्या पानावर ती वर्षासकट लिहिली, त्या दिवशी गाड्या कुठे अडतात आणि आमच्या घरून किती वाजता निघावे हेही लिहिले. ते पान फार कमी लोक वाचतात, पण वाचणाऱ्यांपैकी बरेच जण त्यानंतर खोली आहे का म्हणून विचारतात.

दापोलीत तुमच्याकडे अशा विषयांची वानवा नाही. हर्णै बंदरावरचा मासळीचा लिलाव जगाला ठाऊक आहे, पण बोटी साधारण किती वाजता लागतात, घरी शिजवून हवी असेल तर कोणती मासळी कशी निवडावी, १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात तिथे काय दिसते आणि काय दिसत नाही, हे तुम्हीच सांगू शकता. आंजर्ले आणि वेळासला कासवाची पिल्ले समुद्रात सोडतात, ती घरट्यातून बाहेर येतील तशी. तो दिवस कोणाच्या कॅलेंडरात छापलेला नसतो, म्हणून हंगामात दर आठवड्याला चार ओळी लिहिल्या तरी त्या मोलाच्या ठरतात. गुहागरकडून येणाऱ्याला दाभोळची शेवटची फेरीबोट गाठता यावी म्हणून किती वाजेपर्यंत धोपाव्याला पोहोचले पाहिजे, आणि खेड स्टेशनवर उतरलेल्या कुटुंबाने तुमच्यापर्यंत कसे यावे, हेही तसेच.

हे सगळे मजकुरात लिहा. आपल्याकडे थाळीचा दर, खोल्यांचे भाडे आणि नियम एका रंगीत पोस्टरवर छापून त्याचा फोटो वेबसाइटवर डकवण्याची सवय आहे. माणसाला तो वाचता येतो, पण एआयसाठी पाने गोळा करणाऱ्या यंत्राला त्यातला मजकूर वाचता येईल याचा भरवसा नाही. 'सुरमई थाळीचा दर, शाकाहारी थाळीचा दर, जेवणाची सूचना दोन तास आधी' एवढे साध्या अक्षरांत लिहिलेले असले, तर 'दापोलीजवळ घरगुती शाकाहारी जेवण कुठे मिळेल' या प्रश्नाच्या उत्तरात तुमची निवड होण्याची शक्यता तरी निर्माण होते. इंग्रजीबरोबर मराठीतही लिहा, आणि स्वतः लिहा. कोल्हापूर-सांगलीकडचे आमचे कित्येक पाहुणे फोनमध्ये तोंडाने मराठीत बोलून शोधतात, आणि त्यांची वाक्ये आपल्या बोलण्यासारखीच असतात.

आता एक फजिती सांगतो, कारण माझ्या मते खरे काम याच भागात आहे. मागच्या मे महिन्यात पुण्याहून एक कुटुंब आले. दोन मुलांच्या दंडात फुगवलेले पट्टे घातलेले होते आणि गाडीतून उतरताच त्यांनी विचारले, "काका, स्विमिंग पूल कुठे आहे?" आमच्याकडे विहीर आहे, पूल नाही. आईने फोन पुढे केला. एका एआय साधनाने आमच्या नावासमोर 'जलतरण तलाव, समुद्राभिमुख बाल्कनी' असे ठणकावून लिहिले होते. शोध घेतला तेव्हा असे दिसले की आमच्या नावात जो 'सागर' आहे तो किनाऱ्यावरच्या डझनभर घरांच्या नावात आहे, आणि बऱ्याच वर्षांपूर्वी कोणा दलालाने एका प्रवास-वेबसाइटवर आमचे नाव, दुसऱ्याच रिसॉर्टचे फोटो आणि सोयींची यादी अशी खिचडी करून ठेवली होती. यंत्राने ती खरी धरली. त्या मुलांना मी संध्याकाळी कर्लीच्या खाडीत होडीने फिरवून आणले, पण पुढच्या आठवड्यात पहिले काम त्या जुन्या नोंदी साफ करण्याचे केले.

तुम्हीही हेच आधी करा. दोन-तीन निरनिराळ्या एआय साधनांना आपल्या होमस्टेविषयी मराठीत आणि इंग्रजीत विचारा: जेवण मिळते का, किनारा किती लांब, कुत्रा आणला तर चालेल का, पावसाळ्यात चालू असते का. उत्तर चुकले की ते कोणत्या पानावरून आले ते तपासा आणि त्या पानाच्या मालकाला लिहा. नाव, पत्ता आणि फोन सगळीकडे अक्षरशः एकसारखा ठेवा. मालवणचे इंग्रजी स्पेलिंग कोणी 'व्ही' घालून करतो, कोणी 'डब्ल्यू' घालून. हर्णैचे तर विचारूच नका. माणूस ते समजून घेतो, यंत्राला मात्र ती दोन वेगळी घरे वाटू शकतात. नावाच्या शेवटी गावाचे नाव कायमचे जोडले तर नामसाधर्म्याचा घोळही कमी होतो, फक्त ते दारावरच्या फलकावरही तसेच लिहा, कारण गूगलच्या नियमानुसार नोंदीतले नाव प्रत्यक्ष वापरातले असावे लागते.

गूगलवरच्या व्यवसायाच्या नोंदीकडे महिन्यातून दोनदा तरी बघत जा. नकाशावरच्या नोंदीत कोणीही बदल सुचवू शकतो, आणि त्याचा गैरफायदा घेऊन हॉटेलच्या जागी स्वतःचा नंबर घालून आगाऊ रक्कम उकळणारे भामटे आहेत. आमच्या वाडीतल्या एका घराला याचा फटका ऐन दिवाळीत बसला. पाहुणे पैसे भरून दारात उभे आणि घरच्यांना त्यांची खबरच नाही. तेव्हापासून आम्ही सर्वांनी आपापल्या वेबसाइटवर 'पैसे याच नंबरवर, याच नावाने' असे ठळक लिहिले आहे.

वेबसाइट ठेवावी की नाही, हा तुमचा उपप्रश्न. ठेवावी, आणि ती स्वतःच्या नावाने विकत घेतलेल्या डोमेनवर, म्हणजे स्वतःच्या वेब-पत्त्यावर, ठेवावी. कोकणातल्या पुष्कळ घरांनी गूगलच्या व्यवसाय-नोंदीतून फुकट मिळणारी एकपानी वेबसाइट वापरली होती. मार्च २०२४ मध्ये गूगलने ती सोय बंद केली, जून २०२४ पर्यंत त्या पत्त्यावर येणाऱ्यांना व्यवसायाच्या नोंदीकडे वळवले, आणि त्यानंतर ते पत्ते मेले. ज्यांनी तोच पत्ता व्हिजिटिंग कार्डावर आणि रस्त्यावरच्या फलकावर छापला होता त्यांच्याकडे आजही बंद पत्त्याचे फलक उभे आहेत.

अभिप्रायांबद्दल थोडेच सांगतो. एआयची उत्तरे बऱ्याच अंशी दुसऱ्यांनी आपल्याविषयी काय लिहिले यावर उभी राहतात, म्हणून 'छान' एवढ्या एका शब्दापेक्षा 'आजीला जिना चढावा लागला नाही, सोलकढी उत्तम, रात्री अकराला पोहोचलो तरी गरम जेवण मिळाले' असा अभिप्राय कितीतरी कामाचा असतो. निघताना मी पाहुण्यांना एवढेच म्हणतो की काय आवडले आणि काय खटकले ते नेमके लिहा. त्याच्या बदल्यात सवलत किंवा फुकट सोलकढी देऊ नका. ते गूगलच्या धोरणाविरुद्ध आहे. वाईट अभिप्रायाला शांतपणे, तपशिलाने उत्तर द्या, कारण तेही वाचले जाते. इन्स्टाग्रामवर व्यावसायिक खाते असेल तर जुलै २०२५ पासून त्यावरच्या सार्वजनिक पोस्ट शोधयंत्रांतही दिसू शकतात, तेव्हा फोटोखाली नुसते बदाम न टाकता ठिकाण आणि महिना लिहीत चला.

आता तुमच्या एजन्सीकडे वळतो. एआयच्या उत्तरात पहिल्या क्रमांकाची हमी कोणीच देऊ शकत नाही. तोच प्रश्न दोनदा विचारला तर दोनदा वेगळी नावे येतात, हे तुम्ही घरी बसून पाहू शकता. एआय ओव्हरव्ह्यूमध्ये येण्यासाठी वेगळी तांत्रिक तजवीज किंवा खास स्कीमा (पानावरची माहिती यंत्राला समजावी म्हणून घातलेल्या खुणा) लागत नाही, नेहमीचीच पथ्ये पुरतात, असे गूगलने वेबसाइट चालवणाऱ्यांसाठीच्या मार्गदर्शनात म्हटले आहे. शिवाय हिशोब मांडून बघा. खोलीचे भाडे ३,००० रुपये आणि बुकिंग संकेतस्थळाचे कमिशन १८ टक्के धरले, तर ते ५४० रुपये होते, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून सुमारे ६३७ रुपये. म्हणजे एजन्सीचे महिन्याचे २५,००० रुपये हे ३९ रात्रींच्या कमिशनइतके झाले. पाच खोल्यांच्या तुमच्या घरात महिन्याला १५० रात्री विकायला असतात. जुलैत त्यातल्या ३९ तरी भरतात का, ते तुम्हीच सांगा. कमिशनला आपण सगळेच शिव्या देतो, मीही देतो, पण ते पाहुणा आल्यावरच द्यावे लागते, आणि एजन्सीचे पैसे पाहुणा येवो न येवो द्यावे लागतात.

त्यापेक्षा यंदा एकदाच काही रक्कम काढून चांगले फोटो काढून घ्या, त्यात न्हाणीघर, पार्किंग आणि किनाऱ्याकडे जाणारी पायवाट असू द्या, कारण फोनवर विचारणा सर्वांत जास्त याच तिन्हींची होते. वेबसाइट साधी, झपकन उघडणारी करून घ्या आणि तिच्यावर व्हॉट्सअ‍ॅपचे बटण ठळक ठेवा. मग फोनशेजारी एक शंभर पानी वही ठेवा आणि चौकशी करणाऱ्या प्रत्येकाला 'आमचे नाव कुठे पाहिलेत?' असे विचारून उत्तर टिपत जा. आमच्या वहीत गेल्या हंगामापासून 'चॅटजीपीटीने सांगितले' असे म्हणणारे पाहुणे दिसू लागले आहेत. थोडेच आहेत, पण ते नाव आणि दर आधीच जाणून फोन करतात आणि फारशी घासाघीस करत नाहीत. एकदा येऊन गेलेल्यांचे नंबर त्यांना विचारून यादीत ठेवा आणि कासवांची पिल्ले निघू लागली, आंबा उतरला, की त्यांना दोन ओळी पाठवा. आमच्या मे महिन्याच्या बऱ्याचशा खोल्या या यादीतूनच भरतात, आणि त्यासाठी शोधयंत्राची गरज लागत नाही.

एजन्सीशी करार आधीच झाला असेल, तर त्यांनी तुमच्या व्यवसाय-नोंदीची आणि डोमेनची मालकी स्वतःच्या ईमेलवर घेतलेली नाही ना, एवढे आजच तपासा. मुख्य मालक तुम्ही आणि ते फक्त व्यवस्थापक, अशीच ती नोंद असली पाहिजे.