कांडपाच्या पॉइंटवर वेल्डिंग मशीन: एफडी मोडावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापूरच्या कळंब्यात स्वतःचं घर, शेजारच्या शेडमध्ये वडिलांचं मसाला कांडप. ते गेल्यापासून चार वर्षं बंद, पण थ्री फेजचा पॉइंट चालू आहे. तुम्ही शिरोलीत फाउंड्रीत मेंटेनन्सला, वेल्डिंग हातातलं. सुट्टीच्या दिवशी गेट, ग्रिल, ट्रॉलीची कामं घ्यायची आहेत, महिन्याला चारेक हजार सुटतील असा अंदाज. मेहुण्यांचं म्हणणं, पॉइंट आयताच आहे, ७० हजारांची एफडी मोडा आणि ४८ हजारांचं चारशे अँपिअरचं मशीन घ्या.

पॉइंट आयता नाही. वापर शून्य असूनही कांडपाच्या मीटरचं महिन्याला साधारण ५५० रुपये बिल येतं, असं तुम्हीच लिहिलंय. वर्षाचे ६,६०० झाले. चार वर्षांत २६ हजारांवर गेले, ते आता विसरा. ‘एवढे भरलेत तर वापरून घेऊ’ या हिशेबानं मशीन मोठं घेऊ नका. पुढच्या ६,६०० रुपयांचं काय करायचं, एवढंच आपल्या हातात आहे.

आता भार बघा. त्या मीटरचा मंजूर भार, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढायची परवानगी आहे तो आकडा, ५ एचपी, म्हणजे जेमतेम ३.७ किलोवॅट. चारशेचं मशीन तीनशे अँपिअरवर चालवलं तरी ते अकरा किलोवॅटच्या आसपास खेचतं. म्हणजे भारवाढीचा अर्ज, वाढीव अनामत, जाड केबल आणि जास्त स्थिर आकार (वापर नसला तरी दरमहा भरावा लागतो तो). मेहुण्यांच्या ४८ हजारांत यातलं काहीच धरलेलं नाही. आणि हे सगळं कशासाठी? खिडकीच्या ग्रिलला अडीच मिलिमीटरची वेल्डिंगची कांडी लागते, ती सत्तर ते नव्वद अँपिअरवर चालते. ऐंशी अँपिअरला छोटं इन्व्हर्टर मशीन (इलेक्ट्रॉनिक, हलकं वेल्डिंग मशीन) सव्वादोन किलोवॅटच्या आसपास घेतं. जाड चॅनेलचं एखादं काम आलंच तर उद्यमनगरात करून घ्या, मजुरी देऊनही परवडेल.

म्हणून माझं मत सिंगल फेज, दोनशे अँपिअरच्या इन्व्हर्टर मशीनला. तुम्हाला ते ११ हजारांत सांगितलंय. त्यात आणखी एक फायदा आहे, जो मला किमतीपेक्षा मोठा वाटतो. हे २३० व्होल्टचं मशीन आज कांडपाच्या मीटरवर चालेल आणि उद्या ते मीटर बंद केलं तर घरच्या मीटरवरही चालेल. थ्री फेजचं मशीन घेतलंत की ते ६,६०० रुपये कायमचे गळ्यात.

मीटरचा प्रकार महत्त्वाचा आहे. मसाला गिरणीचं कनेक्शन औद्योगिक दरात येतं, त्यामुळे तिथं फॅब्रिकेशन करताना दरावरून वाद व्हायचं कारण नाही. घरच्या मीटरवर धंदा केला तर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दरानं आकारणी होऊ शकते. मात्र राहत्या घरातल्या छोट्या व्यवसायाला वीज नियामक आयोगाच्या दर आदेशांत महिन्याला ३०० आणि वर्षाला ३,६०० युनिटपर्यंत घरगुती दराची सवलत दिलेली आहे. तुमचा घरचा वापर १४० युनिट, वेल्डिंग आणि ग्राइंडर मिळून पंधरा-वीस वाढतील. सध्याच्या आदेशातली मर्यादा महावितरणच्या कार्यालयात विचारून घ्या.

तूर्त मीटर ठेवा, पण पुढच्या मार्चपर्यंतच. बिल अजून वडिलांच्या नावावर आहे, ते आधी बदलून घ्या. मार्चपर्यंत सुटलेल्या पैशातून मीटरचा खर्च आरामात निघत नसेल तर कनेक्शन बंद करून अनामत परत घ्या.

एफडीला हात नको. तुमचा घरखर्च २८ हजार, म्हणजे ती एफडी अडीच महिन्यांचीच बेगमी आहे, एरवी मी सहा महिन्यांची मागतो. मशीन ११, वायरिंग ७, हेल्मेट, हातमोजे आणि ग्राइंडर ६, असे २४ हजार लागतील. दिवाळीच्या बोनसमधून करा. ईएमआय नको, गिऱ्हाईक यायच्या आधी हप्ता सुरू होतो.

वायरिंगच्या सात हजारांत घासाघीस करू नका. २३० व्होल्टच्या मशीनला एक फेज आणि न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, लागते. कांडपाच्या मोटारीला न्यूट्रल लागत नाही, त्यामुळे जुन्या सॉकेटला चारच पिना असतील: तीन फेज आणि अर्थिंग. हे मशीन दोन फेजांमध्ये जोडलं तर ४१५ व्होल्ट लागून पहिल्याच दिवशी जळेल, आणि अर्थिंगची तार न्यूट्रल म्हणून वापरणं तर जिवावर बेतेल. मीटरपासून न्यूट्रल ओढून घ्या, चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, वेगळा एमसीबी (जास्त भार आला की वीज तोडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली, शॉक बसू लागला की वीज तोडणारा) लावून घ्या. अर्थिंगही नव्यानं तपासा. आपल्याकडच्या पावसात शेडची फरशी ओली असते, हे इलेक्ट्रिशियनला सांगायला विसरू नका. घराचा आगीचा विमा असेल तर शेडमधल्या कामाची कंपनीला लेखी कल्पना द्या. थोडा हप्ता वाढला तरी चालेल.