पगाराच्या कामात पुढं जाता येतं का?

प्रश्न: ताई, मी खानापूरची, बी.कॉम. झालंय, बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत हजेरी भरते. पेरोलमध्ये करिअर होईल का, की क्लार्कच राहीन?

उत्तर: होतं गं, पण नुसता टॅलीचा (हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा) क्लास लावून नाही. आधी एक पेस्लिप हातानं काढायला शीक. समज ग्रॉस (एकूण पगार) १८,००० आणि त्यातला बेसिक (मूळ पगार) १२,००० आहे, तर पीएफ (भविष्य निर्वाह निधी) बेसिकच्या १२ टक्क्यांनी १,४४० आणि ईएसआय (कामगार विमा) ग्रॉसचा पाऊण टक्का म्हणजे १३५ कापायचे, आता प्रोफेशनल टॅक्स बघ, आपल्या कर्नाटकात २५,००० च्या खाली शून्य, पण तोच गडी पलीकडं शिनोळीत, म्हणजे महाराष्ट्रात कामाला असला की महिन्याला २०० जातात, आणि बाईमाणूस असेल तर तिकडंही २५,००० पर्यंत माफ! दोन्हीकडं युनिट असलेल्या मालकाला हे कळणारं माणूस लागतंच. सॉफ्टवेअर हिशोब करतं, सेटिंग चुकलं तर तेही चुकतंच की. पीएफचं चलन १५ तारखेच्या आत भरायचं असतं, ते काम साहेबांकडनं मागून घे, एक्सेल पक्कं कर, कन्नड बोलायला लाग (कामगार पगाराचं भांडण त्यातच घालतात), मग टीडीएसकडं (पगारातनं कापायच्या इन्कम टॅक्सकडं) वळ.