कौलारू घरावर सोलर परवडेल का?

प्रश्न: आमचं घर कौलारू आहे. मुलगा छपरावर सोलर बसवू म्हणतो. पण गोव्यात चार महिने पाऊस. घातलेले पैसे वसूल होतील का? आणि कोळशाच्या विजेपेक्षा सोलर स्वस्त का म्हणतात? – एक गृहिणी, डिचोली

उत्तर: ताई, मुलाचं ऐका, पण आधी सुताराला बोलावून वासे तपासून घ्या. पॅनलचा सांगाडा कौलांवर नाही, वाशांवर बसतो.

फोंड्याला आमच्या छपरावर 3 किलोवॅटचं सोलर आहे. एका किलोवॅटमागे दिवसाला सरासरी 4 युनिट धरा. आषाढात आमचा आकडा निम्म्यावर येतो. ती कसर मार्च-एप्रिलचं ऊन भरून काढतं, कारण नेट मीटरमुळे (घेतलेली आणि परत दिलेली, दोन्ही वीज मोजणारा मीटर) जादा वीज तुमच्या खात्यावर जमा होते. घराच्या छपरावरच्या सोलरसाठी केंद्र सरकारने आणलेल्या 2024च्या सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान आहे. तुमचं बिल मुळातच कमी येत असेल, तर मात्र 1 किलोवॅट पुरे.

आता कोळशाचं. गोव्याला छत्तीसगडमधल्या कोरबा, मध्य प्रदेशातल्या विंध्याचलच्या औष्णिक केंद्रांतून वीज येते. तिथे कोळसा रोज विकत घ्यायचा, वाहून आणायचा. उन्हाला ना किंमत, ना भाडं. खर्च सगळा सुरुवातीला. म्हणून तर 2017 साली राजस्थानात भडल्याच्या सौर प्रकल्पाच्या लिलावात (सगळ्यात कमी दर सांगेल त्याला काम) सौरवीज युनिटला 2.44 रुपयांवर उतरली. अर्थात तो भाव फक्त दिवसा मिळणाऱ्या विजेचा. रात्रीसाठी बॅटरी घेतलीत की हिशेब बदलतो. तुम्ही तूर्त घेऊ नका.

आणि हो, गेल्या श्रावणात आमच्या पॅनलच्या खालच्या कडेला शेवाळाची हिरवी रेघ धरली होती. साध्या पाण्याने, सुती फडक्याने पुसा. घासणी लावू नका.