पहिल्या सत्रात सगळीकडे अर्ज टाकू नकोस

धोरण-अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्याबद्दल अभिनंदन! पहिल्या वर्षात काय काय करायचं याची तू पाठवलेली यादी मोठी आहे, पण त्यातल्या दोन-तीन गोष्टी धरल्यास तरी पहिलं वर्ष सत्कारणी लागेल.

सगळ्यात आधी एखाद्या खऱ्या संस्थेसाठी करायचा गट-प्रकल्प घे. वर्गात प्रश्न आखीव असतो, इथे संस्थेलाच नेमकं काय हवंय ते ठाऊक नसतं. आमच्या गटाने पहिल्या बैठकीत मान डोलावली आणि दीड महिना भलत्याच प्रश्नावर घाम गाळला. म्हणून कामाची व्याप्ती एका पानावर लिही आणि समोरच्याकडून होकार घे. लेखी.

दुसरं, टिपण, म्हणजे निर्णय घेणाऱ्याला काय करावं ते सुचवणारा छोटा कागद, लिहायला शीक. माझं पहिलं टिपण अकरा पानांचं होतं. साहेबांनी पहिला परिच्छेद वाचला, मग कागद उलटा करून विचारलं, "मग करायचं काय?" शिफारस शेवटच्या पानावर होती! आता ती पहिल्या ओळीत येते.

इंटर्नशिपला घाई नको, पण पैशांचा हिशेब आधी मांड. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयातली इंटर्नशिप साधारण २ ते ६ महिन्यांची आणि बिनपगारी असते. राहण्या-प्रवासाचा खर्च आपलाच. संयुक्त राष्ट्रांचीच आंतरराष्ट्रीय कामगार संघटना मात्र इंटर्नना विद्यावेतन देते.

नवखे हमखास करतात त्या चुका:
- मोठ्या नावामागे धावून झेरॉक्स काढत बसणं
- मुलाखतींच्या नोंदी त्याच दिवशी न लिहिणं
- मार्गदर्शकाला थेट शेवटच्या आठवड्यात गाठणं

संख्याशास्त्राची सॉफ्टवेअर, वाटाघाटींचे डावपेच वगैरे पुढच्या सत्रात बघू. आधी प्रकल्प कुठला निवडतोस ते कळव.