चेल्टनहॅमला येताय म्हणून

नोकरी इंग्लंडमध्ये चेल्टनहॅमला ठरतेय, बायको आणि सहा वर्षांची मुलगी बरोबर येणार, तर कशाची तयारी करू, असं तुम्ही विचारलंय. व्हिसाचं सगळं सरकारी संकेतस्थळावर आहे, ते मी उगाळत नाही.

तुमचा प्रश्न वाचला आणि मला आठवला याच गावात 1898 साली जन्मलेला रोनाल्ड निक्सन. पहिल्या महायुद्धात तो लढाऊ वैमानिक होता. एकदा शत्रूच्या विमानांच्या तावडीतून आपण सुटलो ते स्वतःच्या हिकमतीने नव्हे, कुठल्यातरी वेगळ्या शक्तीमुळे, असं तो मानायचा. युद्धानंतर केंब्रिजला शिकला आणि तिथून इंग्रजी शिकवायला थेट लखनौ विद्यापीठात गेला. कुलगुरू ज्ञानेंद्रनाथ चक्रवर्तींच्या घरी त्याला थारा मिळाला. त्यांच्या पत्नी मोनिकादेवींना तो आई म्हणू लागला. त्यांनी वैराग्य घेतलं, त्या यशोदामाई झाल्या. त्यांनीच 1928 मध्ये त्याला दीक्षा दिली आणि निक्सनचा कृष्णप्रेम झाला. अल्मोड्याजवळ मिर्तोल्याला दोघांनी आश्रम आणि राधाकृष्णाचं देऊळ उभारलं. 1965 साली देह ठेवीपर्यंत तो तिथलाच राहिला.

मला त्याच्या भगव्या वस्त्रांपेक्षा तिथल्या स्वयंपाकघराचं जास्त वाटतं. माझ्या आजीच्या सोवळ्यासारखंच कडक सोवळं तिथे होतं. देवाला दाखवल्याशिवाय कुणाच्या तोंडी घास नाही. त्या चुलीपर्यंत हा गोरा सैनिक पोचला. मला इथे अकरा वर्षं झाली. शेजारी चांगले आहेत, आजारपणात दारात सूप ठेवून गेले. पण मी हक्काने जाऊन डबे उघडीन असं एकही घर नाही.

आता शाळा. आमचा घरभाड्याचा करार फक्त नवऱ्याच्या नावावर होता, म्हणून पत्त्याचा पुरावा दोनदा परत आला. तोवर जवळच्या शाळेतली जागा गेली आणि दोन बस बदलून जायची शाळा मिळाली. तुम्ही करारावर दोघांचीही नावं घाला, पहिल्याच दिवशी. माझा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा, जोडाक्षरांसकट मराठी वाचायचा. त्याला त्यांनी चित्रांच्या पुस्तकांवर बसवलं, एका पानावर एक शब्द. घरी इंग्रजी वाढवा, असं बाई म्हणाल्या. मी घाबरले. त्या रात्री जेवताना त्याने "आई, अजून आमटी" म्हणून वाटी पुढे केली आणि मी म्हटलं, इंग्रजीत सांग. वाटी हातात धरून तो नुसता बघत राहिला.

दिवाळीपर्यंत तो फाडफाड इंग्रजी बोलू लागला. ते त्याचं त्याला येणारच होतं हो! मराठी मात्र माझ्या सांगण्याने गेली. आता आजीचा फोन आला की "हो, जेवलो" एवढं म्हणतो आणि फोन माझ्या हातात देतो. शाळेवरचा राग कमी झालाय, स्वतःवरचा नाही. तुमच्या मुलीशी मराठीतच बोला, कुणी काहीही सांगो.

एकटेपणाबद्दल वहिनींनी विचारलंय. नोव्हेंबरात चार-साडेचारलाच अंधार पडतो, तेव्हा घराबाहेर पडायचं, एवढंच सांगते.

आलात की पहिल्या शनिवारी आमच्याकडे जेवायला या. वहिनींना म्हणावं, बैठकीत बसायचं नाही, सरळ आत स्वयंपाकघरात यायचं. मसाल्याचा डबा ओट्याच्या डाव्या हाताला आहे.