तुमच्या आवडत्या बँडच्या कॉन्सर्टची परफेक्ट सेट लिस्ट (कोणती गाणी, कोणत्या क्रमाने) कशी असेल? माझा मित्र म्हणतो फक्त हिट गाणी ठेव, बाकीची कोणी ऐकत नाही. हे खरंय का?

नाही, अजिबात खरं नाही. आणि तुमच्या मित्राने हे वाक्य माझ्या मावसभावाकडून उचललंय की काय अशी मला दाट शंका आहे, कारण "लोकांना माहितीये तेच वाजवायचं, बाकी घरी बसून ऐका" हे मी कॉलेजात असल्यापासून ऐकत आलोय आणि दर वेळी ते तितकंच डोक्यात जातं.

माझा बँड मेटालिका, अमेरिकेतला हेवी मेटल बँड. ह्याहून जास्त सांगत बसत नाही.

पहिलं म्हणजे सेट लिस्ट आणि प्लेलिस्ट ह्यात फरक करा. प्लेलिस्टमध्ये कोणी दमत नाही. स्टेजवर साठी ओलांडलेली माणसं असतात, गायक-गिटारिस्ट हेटफिल्ड आणि ड्रमर लार्स दोघंही 1963 चे, आणि त्यांना दोन तास ते सगळं खरोखर हातांनी वाजवायचं असतं. मास्टर ऑफ पपेट्स ह्या गाण्याचा मेन रिफ घ्या, म्हणजे गिटारचा तो परत परत येणारा तुकडा. हेटफिल्ड तो नुसत्या डाउनस्ट्रोकवर काढतो, पिक वर येताना तारेला लागतच नाही. गिटार वाजवत असाल तर एकदा रेकॉर्डच्या स्पीडला उभं राहून करून बघा, दुसऱ्या कडव्यापर्यंत कोपराखालचा स्नायू असा कडक होतो की मनगट हलायचं बंद होतं, मग तुम्ही गुपचूप वरखाली मारायला लागता, आणि तिथेच त्या आवाजातली धार जाते. सुरांच्या जागा बरोबर असतात पण गाणं मेलेलं असतं. आता ह्या गाण्याला चिकटून अशीच दमवणारी गाणी, बॅटरी, त्याला चिकटून ब्लॅकन्ड, त्याला चिकटून व्हिपलॅश लावणाऱ्या माणसाला फॅन म्हणायचं की वैरी?

आमचा दादा नेमकं हेच करायचा.

दादा म्हणजे तोच मावसभाऊ, माझ्यापेक्षा बराच मोठा. मेटालिका मला त्यानेच ऐकवलं, ते उपकार मान्य आहेत, तो विसरूही देत नाही. एकदा आम्ही दोघं रात्रभराच्या बस प्रवासात होतो, डिस्कमनचा एक इअरफोन त्याच्या कानात आणि एक माझ्या, आणि वेळ जाईना म्हणून त्याने वहीचं एक पान फाडलं आणि म्हणाला चल, आपण दोघं लिस्ट करू, सोळा गाणी, समजा उद्या त्यांनी आपल्याला विचारलं की काय वाजवू. (का विचारतील, पण ते असो.) मी अर्धा तास डोकं लावून माझी केली, बस हलतेय, अक्षर वेडंवाकडं, आणि मधोमध, नवव्या नंबरवर, ओरायन लिहिलं. त्याने पान घेतलं, वरून खाली बघितलं, मग पेन काढून ओरायनवर काट मारली आणि शेजारी लिहिलं "मुतायची सुट्टी".

मला अजून तो काट मारल्याचा आवाज आठवतो, पान फाटलं होतं तिथे.

त्याचं लॉजिक असं. शब्दच नाहीत, मग पब्लिक गाणार काय? आठ मिनिटांवर वाजत राहणारं गाणं, त्यात कोणाला हात वर करायला जागा नाही, लोक एकमेकांशी बोलायला लागतात, निम्मे बाथरूमला जातात, आणि शोचा जो जोर चढलेला असतो तो खलास. आणि हे सगळं तो अशा थाटात सांगत होता की जणू गेली वीस वर्षं लार्सच्या शेजारी बसून लिस्ट लिहितोय. मी म्हटलं दादा, हे त्यांचा बेसिस्ट क्लिफ बर्टनचं गाणं आहे, 1986 च्या सप्टेंबरमध्ये स्वीडनमध्ये बँडची बस उलटून तो गेला, चोवीस वर्षांचा होता, त्याच्या अंत्यविधीला हेच लावलं होतं. तर हा म्हणतो, "मग तिथेच ठीक आहे." ह्या माणसाशी मी पुढचा अख्खा रस्ता बोललो नाही. इअरफोन मात्र काढला नाही, बॅटरी त्याच्या डिस्कमनची होती.

आता त्याच्या मुद्द्याचं उत्तर, जे मला तेव्हा सुचलं नाही आणि नंतर रोज सुचतंय. ओरायनमध्ये सुट्टी असते हे बरोबर, पण ती हेटफिल्डच्या घशाला. ब्लॅक अल्बमच्या (1991 चा त्यांचा अल्बम) काळात त्याचा आवाज बसला होता, मग त्याने रीतसर कोच लावून शिकून घेतलं, शोच्या आधी तो गळा तापवतो तो तेव्हापासून. असा माणूस आठ गाणी गायला की त्याला आठ मिनिटं गप्प बसू दिलं तर नवव्यानंतरची गाणी तुम्हालाच चांगली ऐकू येणार ना? आणि पब्लिकचंही तेच. सलग तासभर ओरडलं की कोणाच्याच घशात काही उरत नाही. मधला तो भाग, जिथे सगळं थांबतं आणि एकटा बेस हळू चालत येतो, आणि मग त्यावर एकेक गिटार चढत जाते, तिथे वीस हजार लोक गप्प होणं हासुद्धा कॉन्सर्टचाच भाग आहे. ओरडायला काय, मॅचलाही ओरडता येतं.

बँडनेही हे गाणं बरीच वर्षं नुसतं तुकड्यांत वाजवलं, मेडलीमध्ये (गाण्यांचे तुकडे जोडून) वगैरे. पूर्ण पहिल्यांदा वाजलं ते 2006 च्या जूनमध्ये, जर्मनीत रॉक ॲम रिंग फेस्टिव्हलला, मास्टर ऑफ पपेट्स अल्बमला वीस वर्षं झाली म्हणून अख्खा अल्बमच वाजवला तेव्हा. मी दादाला सांगितलं. "अल्बम पूर्ण करायचा म्हणून वाजवलं, नाइलाज." बरं.

मग 2014 ला त्यांनी बाय रिक्वेस्ट टूर काढली, फॅन्सनी मतं द्यायची आणि बहुतेक लिस्ट त्यावरून ठरायची. तेव्हा दादाचाच मला मेसेज, विजयी मुद्रेने, बघ लोकांनी काय निवडलं, मास्टर, वन, सँडमन (म्हणजे एंटर सँडमन), तेच ते. खरं होतं, बहुतेक ठिकाणी तेच ते आलं. पण त्याच टूरमध्ये हेलसिंकीला फ्रेड एन्ड्स ऑफ सॅनिटी हे गाणं पहिल्यांदा पूर्ण वाजलं, 1988 चं गाणं, म्हणजे सव्वीस वर्षं लोक त्याची वाट बघत होते. हे कोणी मागितलं? हिटवाल्यांनी?

आणि मग 2023. एप्रिलच्या शेवटी ॲमस्टरडॅमला एम सेव्हन्टीटू टूर सुरू झाली, दोन रात्री, एकही गाणं रिपीट नाही, गोल स्टेज आणि मधल्या भोकात पब्लिक. मी सकाळी उठून डोळे चोळत लिस्ट उघडली तर पहिलंच गाणं ओरायन. नववं नाही, मधलं नाही, पहिलं! नव्या टूरची पहिली रात्र, पहिला सूर, आणि तो ओरायनचा. दुसऱ्या रात्रीची सुरुवात कॉल ऑफ कटुलूने, म्हणजे तेही बिनशब्दांचं. दोन्ही रात्री! मी तो स्क्रीनशॉट दादाला पाठवला, खाली काही लिहिलं नाही, लिहायची गरजच नव्हती. तासाभराने त्याचं उत्तर आलं: "पहिलं ठेवलंय म्हणजे लोक अजून पार्किंगमध्ये असणार."

असो. तुमच्या प्रश्नाकडे येतो.

माझी लिस्ट. आधी अर्थातच सिनेसंगीतकार मोरिकोनेचं एक्स्टसी ऑफ गोल्ड, 1983 पासून ते टेपवर लावूनच हे लोक स्टेजवर येतात, त्याला हात लावायचा नाही. मग क्रीपिंग डेथ, कारण मधल्या भागात अख्खं स्टेडियम एकच शब्द ओरडतं आणि मागच्या रांगेतला माणूससुद्धा पहिल्याच गाण्यात शोमध्ये ओढला जातो. लगेच फॉर हूम द बेल टोल्स, टेम्पो खाली पण वजन तेवढंच. मग फोर हॉर्समेन, मग नव्यापैकी एक दोन, मॉथ इंटू फ्लेम मला चालेल, ज्यांना नवीन चालत नाही त्यांनी पाणी प्यावं. सॅड बट ट्रू इथे कुठेतरी, त्याचं ट्यूनिंग खाली असतं त्यामुळे गिटारी बदलाव्या लागतात आणि त्या वेळात हेटफिल्ड पब्लिकशी दोन शब्द बोलून घेतो, म्हणून ते दोन फास्ट गाण्यांच्या मधे कोंबायचं नसतं, मोकळी जागा बघून ठेवायचं असतं. फेड टू ब्लॅक. आणि आठव्या नंबरवर द आउटलॉ टॉर्न.

हो, लोड अल्बममधलं. 1996 चं. दादासारख्या लोकांच्या मते ज्या दिवशी त्यांनी केस कापले त्या दिवशी बँड संपला, आणि ह्या मंडळींशी मी वाद घालणं आता सोडलंय (सोडलेलं नाही). हे गाणं सीडीवर मावेना म्हणून शेवटी मिनिटभर छाटून टाकलं होतं, डिस्क एकोणऐंशी मिनिटांना ठासून भरलेली, न कापलेलं नंतर वेगळं काढावं लागलं. लाइव्हला ते पूर्ण लांबीचं वाजवा, शेवटचा जॅम चालू दे हवा तितका. मग नववं ओरायन. लागोपाठ दोन लांब गाणी झाली म्हणून कोणी नाक मुरडेल, पण इथे मी हट्टी आहे, शोच्या मधोमध वीस मिनिटांचा एक संथ पट्टा हवाच, त्याशिवाय पुढचं गाणं, वन, मनाला लागत नाही. ओरायन संपलं की पूर्ण अंधार, बंदुकांचे आणि स्फोटांचे आवाज, आणि त्यातून ती स्वच्छ गिटार. हिट गाणंच आहे की वन, पण त्याच्या आधी काय वाजलं त्यावर ते नुसतं हिट राहतं की अंगावर येतं हे ठरतं. तुमच्या मित्राला नेमकं हेच कळत नाहीये.

उरलेलं सोपं आहे, नथिंग एल्स मॅटर्स (सोलो हेटफिल्ड स्वतः वाजवतो, तेवढ्यात लीड गिटारिस्ट कर्कच्या बोटांना आराम), मग ब्लॅकन्ड, मास्टर, आणि शेवटाला काय ते खाली सांगतो.

डायर्स ईव्ह मात्र नाही. माझा जीव की प्राण आहे ते गाणं, तरी नाही. 1988 ला रेकॉर्ड झालं आणि लाइव्ह पहिल्यांदा वाजलं 2004 ला, लार्सच्या पायांचं त्यात काय होतं ते ऐकलं की का ते कळतं. स्वतःचं लाडकं गाणं कापता येत नसेल तर लिस्ट करायला बसूच नये, हे माझं स्पष्ट मत आहे. ओरायनचा नियम वेगळा.

आणि शेवट सँडमनने करायचा की सीक अँड डिस्ट्रॉयने, हा वेगळा वाद आहे. बरीच वर्षं सीक अँड डिस्ट्रॉयने व्हायचा, घरी जाताना लोकांच्या तोंडात तेच. मला तेच बरं वाटतं. सँडमन शेवटी ठेवलं की जे फक्त तेवढ्यासाठी आलेत ते दोन तास फोन हातात धरून वाट बघत उभे राहतात. ते आधी वाजवून मोकळं व्हावं.

आता थोडी सारवासारव. हे सगळं मेटालिकापुरतं आहे, ज्यांच्याकडे चाळीस वर्षांचं सामान आहे. तुमचा बँड कोणता हे तुम्ही लिहिलंच नाहीये, दोन अल्बमवाला असेल तर काय कापणार आणि काय ठेवणार, सगळंच वाजवा. फेस्टिव्हलचा तासाभराचा स्लॉट असेल, समोर दुसऱ्याच बँडसाठी आलेलं पब्लिक असेल, तर हिटच वाजवावे लागतात, तिथे तुमचा मित्र बरोबर आहे, पण हे त्याला सांगू नका. आणि एकाच गावात दरवर्षी जाणाऱ्या बँडचं गणित वेगळं. मेटालिकाची लिस्ट लार्स लिहितो आणि आधी बघतो की ह्या गावात मागच्या वेळी काय वाजवलं होतं. म्हणजे परफेक्ट लिस्ट अशी एक नसतेच, मागच्या खेपेला काय झालं त्यावरही असते. हे मी खरं तर वरच लिहायला हवं होतं पण आता लिहिलंय ते लिहिलंय.

एक करा. 2004 पासून हे लोक आपल्या शोंची रेकॉर्डिंग विकतायत, तुमच्या बँडचंही असं काही मिळत असेल तर मित्राला एक अख्खा शो सलग ऐकायला लावा, मधे फॉरवर्ड करायचं नाही. आणि नुसतं पब्लिककडे लक्ष दे म्हणावं. लोक कुठे गातात, कुठे गप्प होतात, कुठे खरोखर कंटाळतात, सगळं ऐकू येतं. मी दादाला 2006 चं ओरायन असंच बसून ऐकवायचं म्हणतोय, तो म्हणतो वेळ नाही. साडेआठ मिनिटं नाहीत ह्या माणसाकडे, आणि मला सांगतोय लोक कंटाळतात.