आजोबांच्या डब्यातली जुनी नाणी चिंचेनं घासली तर चालेल का? आणि ऑनलाइन नाणी घेताना विक्रेता खरा आहे हे कसं ओळखायचं?

घासू नका. चिंच, लिंबू, राख, पितळ उजळायची पावडर, सगळं देवघरातल्या भांड्यांसाठी ठेवा. तांब्याच्या नाण्यावरचा काळपट-तपकिरी थर बसायला कित्येक वर्षं लागतात आणि जाणकार गिऱ्हाईक त्या थराचेच पैसे मोजतं. चिंचेच्या आम्लानं तो पाच मिनिटांत जातो, खाली गुलाबी तांबं दिसतं आणि भाव कोसळतो. चांदीचंही तेच. गुजरीत (सराफ बाजारात) कोणी ‘पॉलिश मारून देतो’ म्हणालं तर नमस्कार करून पुढं चला.

माती असेल तर डिस्टिल्ड पाण्यात रात्रभर ठेवा आणि मऊ सुती कापडानं नुसतं टिपून घ्या. जुन्या प्लॅस्टिकच्या पाकिटामुळं चिकट हिरवं काही आलं असेल तर शुद्ध अ‍ॅसिटोन वापरा (नेलपॉलिश रिमूव्हर नव्हे), तेही खिडकी उघडून आणि गॅसपासून लांब. फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर ते नाणं बाकीच्यांपासून वेगळं ठेवा, कारण ती आतलं तांबं खात जाते. आपल्याकडच्या पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी हवीच.

आता ऑनलाइनचं. विक्रेत्याचे तारे आणि गोड बोलणं बाजूला ठेवा. आधी दोन दशांशांपर्यंत वजन दाखवणारा छोटा काटा आणि दहापट भिंग घ्या. राणीछाप (व्हिक्टोरिया राणीच्या) आणि पंचम जॉर्जच्या चांदीच्या रुपयाचं वजन 11.66 ग्रॅम आणि चांदी सुमारे 91.7 टक्के. झिजलेलं नाणं थोडं हलकं भरेल, पण साडेदहाच भरलं तर परत करा. चुंबकाला चिकटलं तरी परत. ब्रिटिश रुपयांत फक्त 1947 चा निकेलचा आहे, तो चिकटणारच. कडेवर साच्याची बारीक रेघ किंवा पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसले तर ते ओतीव, म्हणजे नकली. 1939 चा रुपया दुर्मिळ, त्यामुळं कोणी विकत असेल तर शेवटच्या 9 वर भिंग धरा, तो आकडा बदललेला असू शकतो.

‘ईस्ट इंडिया कंपनी 1818’ लिहिलेलं आणि मागं राम-सीता किंवा हनुमान असलेलं नाणं लाखाला विकतात ना, ते कंपनीनं कधी पाडलेलंच नाही. शिवराईत (शिवाजी महाराजांनी सुरू केलेलं तांब्याचं नाणं) गफलत जरा बारीक असते. ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ ही अक्षरं असलेल्या शिवराया पेशवाईत आणि त्यानंतरही पाडल्या जात होत्या. नाणं अस्सल असतं, पण ‘महाराजांच्या काळातली’ हा दावा बहुतेक वेळा विक्रेत्याचा. अक्षरांमध्ये दोन आडव्या रेघा असलेली दुदांडी तर उशिराचीच, तिला शिवकालीन भाव देऊ नका.

‘पंचगंगेकाठी सापडलेलं सातवाहन नाणं’ असं कोणी सांगितलं तर मात्र हात लावू नका. 1945-46 मध्ये कोल्हापुरात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या उत्खननात त्या काळची नाणी मिळाली होती, त्यामुळं ही थाप सहज खपते. आणि खरंच जमिनीत सापडलं असेल तर 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. ब्रह्मपुरीतल्या वस्तू बघायच्या असतील तर कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात जा.

तुम्ही स्वतः विकणार असाल तर उलटी फसवणूक सांभाळा. ट्रॅक्टरची पाच रुपयांची नोट लाखाला घेतो, आधी कर किंवा कमिशन भरा, असा फोन आला की ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेनं 2021 मध्येच सांगितलंय की अशा व्यवहारांशी तिचा संबंध नाही.

प्रतीचं थोडक्यात: व्हीएफ म्हणजे झीज आहे पण तपशील शाबूत, एक्सएफ म्हणजे फक्त उंच भागांवर झीज, यूएनसी म्हणजे न वापरलेलं. विक्रेते एक पायरी वरची सांगतात हे धरूनच चला. पंचम जॉर्जच्या रुपयावर झग्यातला छोटा हत्ती बघा, तो स्पष्ट दिसत नसेल तर एक्सएफ कसलं? (1911 च्या नाण्यावर तो हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून बोंब झाली आणि 1912 पासून सोंड नीट काढली. 1911 चा मिळाला तर ठेवा.)

डब्यातल्या नाण्यांचे दोन्ही बाजूंचे फोटो आणि वजनं इथं टाका, सांगतो काय आहे ते.